रोज डांबरावर, सुटीच्या दिवशी चिखलात: मागच्या एक्सलला काय बसवावं?

पत्र: माझ्याकडे जुना, आखूड बांध्याचा फोर-बाय-फोर पिकअप आहे. मॅन्युअल गिअर, गरजेपुरता जोडायचा फोर-व्हील, पुढे फ्री-व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून मोकळी करणारे). एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही. मूळच्या २९ इंची टायरांच्या जागी मी ३३ इंची बसवलेत. आठवडाभर याच गाडीने कामावर जातो आणि सुटीच्या दिवशी दगडधोंड्यांत, चिखलात. तिरक्या खड्ड्यात मागचं एक चाक उचललं गेलं की ते नुसतं गरगरतं, गाडी जागची हलत नाही. मित्र म्हणतात, डेट्रॉइट लॉकर टाक आणि विसरून जा. गॅरेजवाले म्हणतात, एलएसडी (लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल) पुरे. एक जण तर म्हणाला, डिफरन्शियलला (दोन चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरांच्या संचाला) आतून वेल्डिंग मार, फुकटात काम होईल. पैसे सध्या एकाच एक्सलपुरते आहेत. मोठे टायर लावल्यापासून गाडी पाचव्या गिअरमध्ये ओढत नाही, तेही एक दुखणं आहे. माझी मुलगी नुकतीच गाडी शिकली आहे, तीही हीच चालवते. काय बसवू? आणि घरच्या घरी बसवता येईल का?

उत्तर:

नमस्कार.

मुलीचा उल्लेख तुम्ही पत्राच्या शेवटी केलात, पण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. आठवड्यातले बहुतेक दिवस ही गाडी डांबरावर असते. पाऊस असतो, ओली वळणं असतात, ताशी साठ-सत्तरचा वेग असतो आणि कधी कधी स्टिअरिंगवर नवशिका हात असतो. खड्ड्यात चाक अडकलं तर फार तर दोर लावून गाडी ओढून काढावी लागते. ओल्या वळणावर मागची बाजू सुटली तर सावरायला वेळच मिळत नाही. त्यामुळे निवड करताना आधी रस्त्याचा विचार करायचा, खड्ड्याचा नंतर.

म्हणून आधीच सांगतो. मागच्या एक्सलला हवा तेव्हा लावता येणारा आणि नको तेव्हा पूर्ण सुटणारा लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडणारा भाग, बसवा. एआरबीचा हवेच्या दाबावर चालणारा, ईटनचा विजेवर चालणारा किंवा ऑक्सचा केबलने ओढायचा, तुमच्या एक्सलसाठी जो मिळेल तो. पैसे आज पुरत नसतील तर थोडं थांबा. पण तोवरची सोय म्हणून डेट्रॉइटसारखा आपोआप लागणारा-सुटणारा ऑटोमॅटिक लॉकर टाकू नका.

असं का म्हणतो ते नीट सांगायला हवं, कारण मित्रांचं म्हणणं अगदीच चूक नाही. दगडांवर ऑटोमॅटिक लॉकर उत्तम चालतो. अडचण दगडांवरून उतरल्यावर सुरू होते.

मागच्या दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरा. गाडी काटकोनात वळली की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.३५ मीटर जास्त चालतं, मग वळण ऐसपैस असो की चिंचोळं. तुमच्या ३३ इंची टायरचा घेर साधारण २.६३ मीटर आहे. म्हणजे प्रत्येक चौकात बाहेरच्या चाकाला जवळपास ०.९ फेरा जास्त घ्यावा लागतो. हा फरक पडू देणं एवढ्यासाठीच डिफरन्शियल असतं. वेल्डिंग मारलं की हा फरक पडायची सोयच राहत नाही. मग एक तर टायर रस्त्यावर खरडत जातो किंवा एक्सल शाफ्ट पिळला जातो. दर चौकात, दर पार्किंगमध्ये, रोज. फक्त दगडांवर चालणाऱ्या आणि ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या गाडीला लोक वेल्डिंग मारतात, ते त्यांचं ते जाणोत. रस्त्यावरच्या गाडीसाठी हा विषय इथेच संपला.

आता चाक हवेत गेल्यावर गाडी का हलत नाही ते पाहू. सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला जाते असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतं. हवेतल्या चाकाला फिरायला अगदी थोडा टॉर्क पुरतो, आणि तेवढाच थोडा टॉर्क जमिनीवरच्या चाकाच्या वाट्याला येतो. जड गाडी दगडावर चढवायला तो कुठे पुरणार? इंजिन कितीही ओरडलं तरी जमिनीवरच्या चाकाला काही मिळत नाही, कारण हवेतलं चाक टॉर्क उभाच राहू देत नाही.

गॅरेजवाले ज्याला एलएसडी म्हणतात त्यात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. कुठला देणार हे त्यांना विचारा. पहिला क्लच प्लेटांचा. आत स्प्रिंगने दाबलेल्या प्लेटा असतात आणि त्यांच्या घर्षणामुळे एक चाक मोकळं सुटू लागलं तरी दुसऱ्याला थोडा जोर मिळत राहतो. रस्त्यावर हा सौम्य वागतो, पण प्लेटा झिजतात. घाणीत आणि मोठ्या टायरांवर लवकर झिजतात, आणि एकदा झिजल्या की तुमच्याकडे पुन्हा साधं डिफरन्शियलच उरतं, फक्त तुम्हाला ते कळत नाही. त्याच्या ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण सौम्य करणारं मिश्रण) घालावा लागतो, नाहीतर वळताना मागून थरथरल्यासारखा आवाज येतो.

दुसरा प्रकार दातेरी चाकांचा, तिरक्या दातांच्या गिअरांचा. व्हर्नन ग्लीझमन यांनी १९५८ मध्ये याचं पेटंट घेतलं, ते पुढे टॉर्सन नावाने प्रसिद्ध झालं. ईटनचा ट्रूट्रॅक, क्वाइफ ही याच कुळातली. यात झिजणाऱ्या प्लेटा नाहीत, आवाज नाही, झटका नाही, आणि ओल्या रस्त्यावरचं वागणं इतकं समजूतदार की शेजारी बसलेल्याला काही बदललंय हे कळणारही नाही. फक्त रस्ता, थोडी माती, ओलं गवत, खडीचा चढ एवढाच वापर असता तर मी तुम्हाला डोळे झाकून हाच सांगितला असता. पण याचं काम गुणाकाराचं आहे. कमी पकड असलेलं चाक जेवढा टॉर्क पेलतं त्याच्या समजा तिप्पट टॉर्क हा दुसऱ्या चाकाला देऊ शकतो. हवेतल्या चाकाची पकड जवळपास शून्य, आणि शून्याची तिप्पट शून्यच. अशा वेळी डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून ठेवला की हवेतल्या चाकावर थोडं ओझं येतं आणि दुसरं चाक ओढू लागतं. ही युक्ती कामाची आहे. पण मॅन्युअल गाडीत एकीकडे क्लच सांभाळायचा, एकीकडे ॲक्सिलरेटर आणि वर ब्रेक, हे दगडावर तिरकं झुकलेल्या गाडीत करून पाहा. तुमचं मूळ दुखणं चाक उचललं जाण्याचं आहे आणि नेमकं तिथेच हा कमी पडतो.

आता ऑटोमॅटिक लॉकर. डेट्रॉइट लॉकर या घराण्यातला सगळ्यात भक्कम. त्याचे छोटे भाऊ म्हणजे मूळ डिफरन्शियलच्या केसमध्ये, म्हणजे कवचात, स्पायडर गिअरच्या (आतल्या लहान गिअरांच्या) जागी बसणारे, ज्यांना लंचबॉक्स लॉकर म्हणतात. सरळ जाताना यांनी दोन्ही चाकं एकत्र जखडलेली असतात. वळताना बाहेरचं चाक पुढे पळू लागलं की त्या बाजूचे दाते सुटतात आणि ते चाक मोकळं फिरतं. तुम्हाला कट-कट-कट असा आवाज ऐकू येतो. ऐकायला ठीक वाटतं, पण यातली मेख लक्षात घ्या. वळणावर ॲक्सिलरेटर दिलेला असताना गाडी ओढत असतं ते एकटं आतलं चाक. आणि वळणात गाडी बाहेर झुकते, त्यामुळे आतल्या चाकावर वजन सगळ्यात कमी असतं.

हे ओल्या रस्त्यावर कसं घडतं ते टप्प्याटप्प्याने पाहा. तुमची मुलगी चौकात वळते आहे, मागून कोणी हॉर्न मारला म्हणून तिने थोडा जास्त ॲक्सिलरेटर दिला. हलकं झालेलं आतलं चाक घसरून वेगाने फिरू लागलं. त्याचा वेग बाहेरच्या चाकाएवढा झाला, त्या क्षणी लॉकरचे दाते बसले आणि सगळा जोर बाहेरच्या चाकावरही आला. आता दोन्ही चाकं एकदम घसरतात. टायर गोल फिरताना घसरू लागला की त्याला आडवी पकडही राहत नाही, त्यामुळे गाडीचं मागचं टोक बाहेर निघतं. साध्या डिफरन्शियलमध्ये याच जागी आतलं चाक एकटं घसरलं असतं, थोडा आवाज झाला असता, आणि बाहेरच्या चाकाने गाडी जागेवर धरून ठेवली असती. साधं डिफरन्शियल खड्ड्यात आपल्याला रडवतं ते ज्या गुणामुळे, त्याच गुणामुळे ओल्या रस्त्यावर ते आपल्याला वाचवतं.

त्यात तुमची गाडी आखूड आणि मॅन्युअल. लांब व्हीलबेसच्या, ऑटोमॅटिक गिअरच्या जड पिकअपमध्ये ऑटोमॅटिक लॉकरचे धक्के पुष्कळसे मुरतात. आखूड गाडीत प्रत्येक गिअर बदलताना जोर येतो-जातो, लॉकर सुटतो-बसतो आणि गाडी आपल्या लेनमध्ये जराशी आडवी सरकते. सवय झालेला चालक ते हाताने नकळत सावरतो, वळणात पाय स्थिर ठेवायला शिकतो. नवशिक्याने ओल्या वळणावर हे शिकावं अशी अपेक्षा करणं मला पटत नाही. मागच्या दोन टायरांची झीज किंवा हवा कमी-जास्त असेल तर हा प्रकार आणखी वाढतो, कारण मग सरळ रस्त्यावरही दोन चाकांचे फेरे जुळत नाहीत.

हवा तेव्हा लावायचा लॉकर या सगळ्यातून सुटका करतो. सुटलेला असताना तो निव्वळ साधं डिफरन्शियल असतो, आणि लावला की शंभर टक्के लॉक, चाक हवेत असो नाहीतर चिखलात. किंमत मोजावी लागते ती गुंतागुंतीची. हवेच्या प्रकारात कॉम्प्रेसर, नळी, हाउसिंगला भोक आणि आतले सील आले. हवा कुठे गळू लागली की ऐन वेळी लॉकर लागत नाही. नळी एक्सलवर दगड लागणार नाही अशा बाजूने न्या आणि सायलेन्सरपासून लांब ठेवा, निम्मी दुखणी तिथेच टळतात. विजेच्या प्रकारात फक्त वायर असते, पण काही विजेचे लॉकर पुढून मागे दिशा बदलली की क्षणभर सुटून पुन्हा बसतात. अडकलेली गाडी पुढे-मागे झुलवताना तो टक् असा झटका जाणवतो. केबलवाल्यात बिघडण्यासारखं सगळ्यात कमी, पण केबलला फार वळणं न देता जागा काढावी लागते.

वापरायची शिस्त मात्र पाळावी लागते. अडथळा समोर दिसला की गाडी थांबवून किंवा रांगत्या वेगात लॉकर लावायचा. एक चाक गरगरत असताना बटण दाबलं तर दाते आपटून बसतात आणि शाफ्ट तुटतो. आडव्या उतारावर, म्हणजे गाडी कडेने कललेली असताना, लॉक केलेलं मागचं टोक खालच्या बाजूला घसरतं, तिथे तो सोडलेलाच बरा. आणि डांबरावर यायच्या आधी बंद करायचा. बंद केला तरी शाफ्टमध्ये पीळ असेल तर तो लगेच सुटत नाही. ॲक्सिलरेटर ढिला सोडून थोडं सरळ जा, स्टिअरिंग हलकंसं डावी-उजवीकडे करा, सुटतो. बटणावर झाकण असलेला स्विच बसवा, म्हणजे मोबाईल चार्जर लावताना चुकून दाबला जाणार नाही.

आता टायरांचं दुखणं, कारण ते या खरेदीशी घट्ट जोडलेलं आहे. २९ वरून ३३ इंचांवर गेल्याने तुमचं गिअरिंग साधारण १४ टक्क्यांनी उंच झालं, म्हणून पाचव्यात ओढ नाही. समजा तुमच्या क्राउन-पिनियनचा (एक्सलमधल्या मोठ्या-लहान दातेरी जोडीचा) रेशो ३.७३ आहे. पहिल्यासारखी ओढ हवी असेल तर ४.२४ लागेल, म्हणजे बाजारात ४.१० किंवा ४.३० च्या आसपास जे मिळतं ते. हे आज सांगतो आहे कारण बऱ्याच एक्सलमध्ये ठरावीक रेशोच्या वर एक केस लागते आणि खाली दुसरी. लॉकरही त्यानुसार दोन वेगळ्या पार्ट नंबरांचे येतात. आज ३.७३ साठी लॉकर घेतलात आणि पुढच्या वर्षी रेशो बदलायचं ठरलं, तर लॉकर पुन्हा घ्यावा लागू शकतो. शिवाय डिफरन्शियल उघडून क्राउन-पिनियन जुळवण्याची मजुरी दोन्ही कामांना सारखीच, ती दोनदा कशाला द्यायची? पण मागचा रेशो बदलला तर पुढचाही बदलावाच लागतो, नाहीतर फोर-व्हील जोडल्याबरोबर पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी झगडू लागतात. पैसे एकाच एक्सलपुरते असल्याने माझं मत असं: रेशो आधी कागदावर पक्का करा. बदलायचा असेल तर पैसे जमेपर्यंत थांबा आणि दोन्ही एक्सल एकदम करा. बदलायचाच नसेल तर लॉकर लगेच घ्या.

ऑर्डर देण्याआधी एक्सल शाफ्टच्या टोकावरच्या खाचा, म्हणजे स्प्लाइन, मोजा आणि शाफ्ट आतून सी-क्लिपने अडकवलेले आहेत का ते पाहा. फक्त गाडीचं मॉडेल सांगून मागवू नका, जुन्या गाड्यांमध्ये आधीच्या मालकाने काय बदललंय याचा भरवसा नसतो. शाफ्टची ताकदही विचारात घ्या. साध्या डिफरन्शियलमध्ये एका शाफ्टवर एक्सलचा जास्तीत जास्त अर्धा टॉर्क येतो. लॉक करून एक चाक हवेत असलं की सगळा टॉर्क एकट्या शाफ्टवर. तुमचा मागचा एक्सल हलक्या जातीचा असेल तर लॉकरच्या आधी शाफ्ट तुटायची वेळ येईल, आणि तेव्हा मी लॉकरपेक्षा शाफ्टला आधी पैसे घालायला सांगेन.

पुढच्या एक्सलचं आत्ता राहू द्या. मागचा लॉक झाला की तुमची बहुतेक अडचण सुटते. पुढचा लॉक केला की स्टिअरिंग जड होतं आणि पूर्ण वळवलेल्या चाकांत जॉइंट तुटतात. पुढे कधी करायचंच झालं तर तुमचे फ्री-व्हील हब ही मोठी सोय आहे. हब मोकळे असताना पुढे लंचबॉक्स लॉकर असला तरी रस्त्यावर त्याचं अस्तित्वच जाणवत नाही. ज्यांच्या गाडीत हब नाहीत त्यांना मी हे सांगणार नाही. ज्यांच्या नव्या गाडीत ब्रेकवर चालणारं ट्रॅक्शन कंट्रोल आहे त्यांनी आधी तेच पुरतं का ते पाहावं, आणि स्टॅबिलिटी कंट्रोलच्या गाडीत ऑटोमॅटिक लॉकर टाकण्याआधी कंपनीचं मॅन्युअल वाचावं, कारण त्या यंत्रणा दोन चाकांच्या वेगांतल्या फरकावर चालतात.

लॉकर येईपर्यंत मातीत उतरल्यावर टायरची हवा कमी करून पाहा. ३५ पीएसआयवरून १८-२० वर आणली की टायर दगडाला धरतो आणि लांब पसरतो. चाक उचललं जाणं याने थांबणार नाही, पण अडकण्याचे प्रसंग नक्की कमी होतील. रस्त्यावर यायच्या आधी हवा पुन्हा भरायची, त्यात सूट नाही. हवेचा लॉकर घेतलात तर त्याच्याच कॉम्प्रेसरला नळी जोडून टायर भरता येतात का ते विकणाऱ्याला विचारा.

घरी बसवता येईल का? लंचबॉक्स लॉकर हौशी माणूस घरी बसवू शकतो, कारण क्राउन-पिनियनची जुळणी हलवावी लागत नाही. तुम्ही घेणार तो लॉकर तसा नाही. त्यात अख्खी केस बदलते, क्राउन व्हील नव्या केसवर चढतं, आणि मग शिम (पातळ चकत्या) घालून ते पिनियनशी नव्याने जुळवावं लागतं. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या मधे बसला पाहिजे, नेमका आकडा तुमच्या एक्सलच्या मॅन्युअलमध्ये असतो. तो डायल गेजनेच कळतो, हाताने हलवून नाही. त्यानंतर क्राउनच्या दातांना रंग लावून फिरवायचं. रंगावर उमटलेला ठसा दाताच्या मधोमध हवा, टोकाकडे नको आणि मुळाकडेही नको. ठसा चुकला की गाडी आधी ठरावीक वेगाला हूं असा सूर काढते आणि मग दाते खाते. डायल गेज, बेअरिंग ओढायचा पुलर आणि हे काम आधी करून बसलेला जोडीदार असेल तर घरी करा. नसेल तर वायरिंग, कॉम्प्रेसर, नळी हे सगळं तुम्ही करा आणि डिफरन्शियल जाणकाराकडे द्या. काम झाल्यावर त्या रंगाच्या ठशाचा फोटो मागा. चांगला कारागीर तो आनंदाने देतो. न देणाऱ्याकडे गाडी सोडू नका.

ऑइल लॉकरच्या कंपनीने सांगितलंय तेच भरा. बहुतेक ठिकाणी ते जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९० असतं. फ्रिक्शन मॉडिफायर क्लचवाल्यासाठी असतो, सवयीने ओतू नका. नवं क्राउन-पिनियन असेल तर पहिल्या प्रवासात पंधरा-वीस मिनिटं हळू चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा, आणि पहिले ८०० किलोमीटर ना ओझं ओढा ना डोंगर चढा. मग ऑइल बदला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लगदा दिसेल, तो नव्या दातांचा असतो, पुसून टाका. पण बोटाला टोचणारे तुकडे किंवा दातांचे कपचे निघाले तर गाडी तशी चालवू नका. कव्हर उघडून ठसा पुन्हा काढून घ्या, आणि या वेळी समोर उभे राहा.